बारशाला नेलेली गोधडी

माझ्या धाकट्या जावेला, म्हणजे नलूला, सगळं येतं. आमच्या घराण्याचं हे फार जुनं दुखणं आहे.

नलूचं विणकाम, नलूचं भरतकाम, नलूच्या मोदकांच्या कळ्या... आमच्या वन्संच्या तोंडी सदा तिचंच कौतुक. मला साधं बटण लावता येत नाही. (लावलंय एकदा. यांचा शर्ट बनियनला शिवला गेला.) त्यामुळे वन्संच्या लेकीला मुलगा झाला नि बारशाचं आवतण आलं, तेव्हा मी ठरवलं, या खेपेस कौतुक आपलं. हाताने केलेली वस्तू न्यायची. फक्त हात दुसऱ्या कुणाचे!

त्या सुमारास रत्नागिरीत बचत गटांचं नुसतं पेव फुटलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव घालून बायकांनी प्रदर्शन मांडलेलं. फणसपोळ्या, कोकमं, बांबूच्या रोवळ्या ओलांडत मी थेट गोधड्यांपाशी. एक गोधडी होती, काय सांगू! जुन्या सुती साड्यांचे मऊ तुकडे, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. इतके सुबक, की मी घातलेत म्हटलं तर कुणाचा विश्वास बसला नसता. विकणाऱ्या बाईला म्हटलं, "एका कोपऱ्यात चार टाके वाकडे घालून द्याल?"

ती बघतच राहिली. "बाय, लोकं सरळ मागतात."

"मला मी केल्यासारखी हवीय हो."

तिने हसत हसत एका कोपऱ्याची वाट लावून दिली.

बारशाच्या सकाळी मी दोन बोटांना औषधाच्या पट्ट्या चिकटवल्या. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, सुई टोचली. तर म्हणतात, "आपल्या घरात सुई आहे?" (अशा माणसाबरोबर मी संसार केलाय.)

नलूने बाळाला लोकरीची कुंची आणलेली, वर मोराची नक्षी. सगळ्या बायका तिच्याभोवती. माझ्या पोटात नुसता वणवा. मी पुढे झाले, पाळण्यावर गोधडी पसरली आणि पट्ट्यांची बोटं सगळ्यांना दिसतील अशी धरली. वन्सं विरघळल्याच. कुसुम, तू शिवलीस? म्हटलं, हो, माझ्याच जुन्या साड्यांची, दुपारची झोप मोडून. बायका कुंची टाकून माझ्याकडे वळल्या. नलूचं तोंड एवढंसं झालं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात वन्संचं बोट एका तुकड्यावर थांबलं. "ही अंजिरी साडी तर मी नलूला दिवाळीत दिलेली. काठावर हे हंस बघ."

मला झटकन आठवलं. ती साडी नलूने आमच्याच पायरीवर भांडेवालीला देऊन पातेलं घेतलं होतं. वन्संची साडी, आणि पातेल्यापायी! जन्माची संधी जिभेवर येऊन बसली. पण बोलू कशी? भांडेवालीला दिलेली साडी माझ्या गोधडीत आली कुठून, हे कोण सांगणार?

नलूच्याही ते लक्षात आलं. माझ्या पट्ट्यांकडे बघून ती गोड हसली. "माझी फार आवडती साडी हो, वन्सं. पण वहिनी म्हणाल्या, बाळाला मऊ हवं. मग दिली फाडून. खरं ना, वहिनी?"

"खरं," मी म्हटलं.

"आणि त्यांनी सुई पहिल्यांदाच धरलेली. म्हणून टाकेही मीच घातले. तो कोपरा मात्र त्यांचा."

वन्संनी कोपरा बघितला, माझी बोटं बघितली आणि पदराने डोळे पुसत नलूला जवळ घेतलं. हिने केवढं केलं, आणि वर नाव जावेचं होऊ दिलं! मी मान डोलावत होते. दुसरं काय करणार?

आता त्या बाळाला मिसरूड फुटलंय, पण अजून ती 'नलूआजीची गोधडी' घेतल्याशिवाय त्याला झोप येत नाही. परवा मला म्हणाला, "तूही शिकून घे ना तिच्याकडून."

म्हटलं, शिवण राहू दे रे. आधी तिच्यासारखं खोटं बोलायला शिकते.