आठ मिलिमीटर

फोन वाजला तेव्हा मी गाडीखाली आडवा होतो. सांगलीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये चटई अंथरलेली, एका हातात स्टीलची पट्टी, तोंडात पेन्सिल. वर ड्रायव्हरच्या सीटवर सिमेंटचं एक पोतं आणि त्यावर तांदळाचा तीस किलोचा कट्टा ठेवला होता. दोन्ही मिळून ऐंशी किलो, म्हणजे मी. उजवी बाजू जमिनीपासून एकशे तीस मिलिमीटर, डावी एकशे अडतीस. तिसऱ्यांदा मोजलं तरी तेच. फोनवर नाव दिसलं दस्तगीरभाईंचं. मला इतका आनंद झाला की हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "आठ! दस्तगीरभाई, चांगला आठ मिलिमीटरचा फरक आहे. आता बोला!"

पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज आला. "सर, मी नाझनीन... अब्बा गेले. पहाटे नमाजाला उठले, हातपाय धुऊन वुजू केला आणि तिथंच बसले."

त्या बिचारीला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावर मी पट्टीकडे बघत होतो आणि ती पट्टी कुठे लपवावी हे मला समजत नव्हतं.

दस्तगीरभाई रहिमतपूरचे. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे थर असतात, त्यांना आमच्याकडे पाटे म्हणतात. ते पाटे बांधण्याचा त्यांचा धंदा. उसाच्या हंगामात त्यांच्या दारात ट्रॉल्यांची रांग असायची. आणि मी तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवणारा मास्तर, रेघ अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर पोरांचा कागद परत करणारा. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. कारण झाली ती गाडी. माझे पुण्याचे मामा मोटारींचे वेडे. ते गेल्यावर त्यांच्या मागे दोन सीटची, बिनछपराची, खेळण्याएवढी एक परदेशी गाडी राहिली. घरात कुणाला ती नको होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. वजन जेमतेम सहाशे किलो. मामांनी तिला चारही चाकांशी आटे पाडलेले स्प्रिंग बसवून घेतले होते. स्प्रिंगखालची रिंग फिरवली की गाडी वर होते किंवा खाली बसते. आता मास्तराच्या हातात असलं काही दिल्यावर तो गप्प कसा बसेल? मी ती मस्तपैकी खाली बसवली. दिसायला झकास दिसत होती. साताऱ्याला निघालो आणि रहिमतपूरच्या अलीकडच्या गतिरोधकावर ती पोट टेकून बसली, ती हलेचना.

जवळच दस्तगीरभाईंचं दुकान होतं. ते आले, उकिडवे बसले, चारही चाकांना एक फेरी मारली आणि विचारलं, "कुनी बसावली हिला एवढी खाली?"

"मी."

"रिकामी हुती तवा बसावली आसंल."

"अर्थात. गाडीची उंची मोजायची तर गाडी रिकामीच हवी ना?"

ते हसले. "आवं सर, ट्रकमदी ड्रायवर बसला काय आन् न्हाई काय, ट्रकला कळत न्हाई. हिला तुमी चष्मा काढून ठिवला तरी कळंल. गाडी ल्हान हाय म्हनून मानूस मोठा हाय."

मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, पण इतकं नेमकं वाक्य माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी गाडी घेऊन रहिमतपूरला जाऊ लागलो. अठरा वर्षं. त्यांच्याकडे अशी दुसरी गाडी कधी आली नाही, पण त्यांनी हिच्यासाठी एक पद्धत बसवली होती. दुकानात फरशीवर चार पांढरी वर्तुळं रंगवलेली, एकेका चाकाला एक. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने चारही वर्तुळं एका पातळीत आहेत का हे ते आधी बघत आणि जिथे फरक दिसे तिथे शहाबादीची पातळ चीप सरकवत. मग टायरची हवा. मग टाकीत अर्धं पेट्रोल. मग मला शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर उभं करणार. "दीड किलो वाढलाय, सर. काकूंना सांगा हात आखडता घ्या." आणि त्या वजनाचं वाळूचं पोतं सीटवर माझ्या जागी बसवणार. रिंग फिरवली की गाडी मागेपुढे ढकलायची, चाकं आपल्या जागी बसू द्यायची आणि मगच पट्टी लावायची. मी सुरुवातीला न ढकलताच मोजलं होतं. त्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरलं.

ते पोतंसुद्धा एकदम सुचलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी भुसार दुकानातून गुळाच्या ढेपा आणून सीटवर मांडल्या होत्या. दुपारच्या उन्हात गूळ पाघळला आणि पुढे महिनाभर माझ्याबरोबर मुंग्या सांगली-सातारा करत होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी कृष्णेची वाळू आणली. अगदी काट्यावर मोजून पोतं भरलं, उंची लावली, सगळं चोख. गाडी आठवडाभर त्यांच्याकडेच ठेवली. न्यायला गेलो, आत बसलो, तर ती उजवीकडे कललेली. दोघांनी डोकं खाजवलं. रिंगा ढिल्या झालेल्या नाहीत, हवा बरोबर, मी तेवढाच. शेवटी दस्तगीरभाईंनी पोतं पुन्हा काट्यावर टाकलं. सहा किलो कमी! वाळू ओली भरली होती आणि आठवड्यात ती वाळली होती. म्हणजे उंची लावली ती सहा किलोचं पाणी धरून. नाही, पोतं मोजून भरलं होतं म्हणजे तेव्हा उंची बरोबरच होती, मग गाडी कलली कशी, यावर आम्ही चहा गार होईपर्यंत भांडलो. तेव्हा त्यांना आठवलं की त्यांनी परवाच, मी नसताना, हौसेने त्या पोत्यावर उंची पुन्हा तपासून रिंग अर्धा आटा फिरवली होती. "मला वाटलं, माझंच चुकलंय," ते म्हणाले. पुढच्या वर्षीपासून वाळू गच्चीवर वाळत पडू लागली आणि हमीदाभाभी जिन्यातून ओरडू लागल्या, "पापड घालायला जागा ठिवा की थोडी!"

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. दस्तगीरभाई त्या गाडीत कधी बसले नाहीत. काम झालं की ते कोरेगाव रस्त्यावरच्या चिंचेच्या वळणावर जाऊन उभे राहायचे आणि मी समोरून तीनदा जायचं. ते चाकांकडे बघायचे, कान द्यायचे. "आत बसलं की गाडी ग्वाडच वाटती. खरं काय ते भाइरनं दिसतं." मी दरवर्षी म्हणायचो, चला, खंबाटकीच्या घाटापर्यंत जाऊन येऊ, तुमच्या हातची गाडी आहे. ते मान हलवायचे. "न्हाई सर. ही एका मान्सावर लावलीया. मी बसलो की माप बिघाडलं." मला हे पटायचं आणि पटायचंही नाही. माप तासाभरापुरतं बिघडलं म्हणून कुणाचं काय जात होतं? पण ते हटून बसत. गेली दोन वर्षं मी विचारणंच सोडून दिलं होतं. माणूस नाही म्हणत राहिला की आपण त्याला त्याचा स्वभाव समजून टाकतो.

शेवटची भेट या हिवाळ्यातली. सगळं नेहमीसारखं, फक्त या वेळी रिंग फिरवताना त्यांनी मला थांबू दिलं नाही. "तुमी जेवून या. भाभीनं ताट वाढलंय." मी जेवून आलो तर काम आटोपलेलं, हात धुऊन ते पुसत होते. चिंचेच्या वळणावरही आले नाहीत. "आज ऱ्हाऊ द्या. फुडच्या बारीला निवांत या, दिसभर." मला वाटलं, थकलेत. सांगलीला पोचलो, गाडी पोर्चमध्ये लावली, उतरण्याआधी समोर बॉनेटकडे बघितलं, तर डावा खांदा वर. आधी वाटलं भास आहे. मग पट्टी आणली.

मी लगेच फोन केला, आणि हे लिहिताना मला अजून लाज वाटते. "दस्तगीरभाई, डावी बाजू वर राहिलीय. डोळे तपासून घ्या आता. वय झालं आपलं." 'आपलं' म्हणालो खरा, पण मनात 'तुमचं' होतं. ते म्हणाले, "बगतो की. तुमी या तर खरं. आल्याव कळंल." बास. मी ते ऐकलं पण ऐकलं नाही, कारण मला बरोबर ठरायचं होतं. तीन आठवडे मी सिमेंट आणि तांदूळ घेऊन पुरावा गोळा करत बसलो.

मातीला मी गेलो होतो, पण तिथे काय बोलणार? दीड महिन्याने पुन्हा गेलो, गाडी घेऊनच गेलो. भाभी इद्दतमध्ये होत्या, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत. नाझनीन कोरेगावच्या शाळेत शिकवते, त्या दिवशी सुट्टी होती. तिने दुकानाचं शटर वर केलं. चार पांढरी वर्तुळं तशीच होती. भिंतीला वाकड्या चोचीचा तो पाना लटकलेला, ज्याने रिंग फिरते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "शेवटी त्यांना दिसायला त्रास होत होता का गं?"

"नाही, सर. तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला जाऊन डोळे तपासून आले." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "नंबर आहे तोच निघाला. पण दोन दिवस गप्प गप्प होते."

मी बसायला जागा शोधली तर कोपऱ्यात पोतं होतं, माझं. त्यावर निळ्या रंगात 'माने सर', आणि त्याखाली खोडून खोडून लिहिलेले सतरा वर्षांचे आकडे, शेवटचा ऐंशी. त्याला टेकून दुसरं एक होतं. नवं कोरं, तोंड सुतळीने नीट शिवलेलं. त्यावर लिहिलं होतं 'दस्तगीर, ६१'.

"हे कुणाचं?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता.

"अब्बांचं. तुम्ही जेवत होतात ना, तेव्हा काट्यावर स्वतः उभे राहिले. अम्मीनं विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, सर विचारायचं थांबलं. आता आपुनच बसावं एकदा. त्यांना सांगू नगा, आल्याव बगतील."

मी गाडी वर्तुळांवर घेतली. नळी लावली, हवा बघितली. माझं पोतं उजव्या सीटवर, त्यांचं डाव्या. नाझनीनने आणि मी मिळून गाडी मागेपुढे ढकलली, एकदा, दोनदा. मग मी फरशीवर आडवा झालो. उजवी बाजू एकशे तीस. डावीकडची पट्टी मी नाझनीनच्या हातात दिली आणि आकडाही तिनेच वाचला. "एकशे तीस."

आतून, पडद्याआडून, भाभींचा आवाज आला. "किती आलं सर?"

"काही नाही भाभी. फरक शून्य. त्यांचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्या म्हणाल्या, "तर मग घिऊन जावा त्यास्नी. घाट बगायचा हुता."

गेलो. माझं पोतं उतरवून मी बसलो, त्यांच्या पोत्याला सीटचा पट्टा लावला आणि चिंचेच्या वळणावर न थांबता सरळ खंबाटकीपर्यंत गेलो. अठरा वर्षांत गाडी इतकी सरळ कधी चालली नव्हती. वळणावर दोन्ही खांदे सारखे. मला त्यांना विचारायचं होतं, आत बसून गाडी कशी वाटते, गोडच वाटते का. माझ्या कित्येक प्रश्नांपैकी हा एक राहिलाच.

नाझनीन म्हणाली होती, पाना घेऊन जा, एकट्यापुरती करून घ्या. पाना आणला आहे, पण रिंग फिरवलेली नाही. दोन्ही पोती आता माझ्याकडे असतात. परवा मी एकटाच सांगलीतल्या एका भुसार दुकानात जाऊन काट्यावर उभा राहिलो. एक किलो वाढलोय. घरी येऊन माझ्या पोत्याची सुतळी उसवली, तेवढी कोरडी वाळू आत घातली, ऐंशी खोडून एक्क्याऐंशी लिहिलं. शेजारी त्यांचं पोतं होतं. त्यात घालायचं काही नव्हतं.