गवत कापल्यावर येणारं भूत

भिवंडीला जाऊन आले म्हटलं की साताऱ्यातली माणसं आधी माझ्या पिशवीकडे बघतात. कापड आणलं असेल, असं त्यांना वाटतं. मी कापडासाठी गेले नव्हते. वीस वर्षं वर्गात उभं राहून भूगोल शिकवल्यामुळे माझे गुडघे कामातून गेले आहेत. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं, की अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात चार दिवस पाय सोडून बसलं की लंगडा माणूसही पळत सुटतो. दिवाळी घरी केली आणि उरलेल्या सुट्टीत निघाले.

भिवंडी आधी ऐकू येते, मग दिसते. गल्लीगल्लीत लूम चालू असतात आणि त्या खटखटीत माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात. बस बदलायला तासभर होता, म्हणून समोरच्या हॉटेलात शिरले. दारावर 'फॅमिली रूम' अशी ठसठशीत पाटी होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फॅमिली रूम म्हणजे मोराच्या छापाचा एक पडदा आणि त्यामागे दोन बाकडी.

"बायकांसाठी काही सोय आहे का?" मी मालकाला हळूच विचारलं.

"है ना बाईजी, पंखा भी है."

"पंखा नको."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग मानेनंच त्यानं मागची दिशा दाखवली. "उधर, ट्रकों के पीछे." मी जाऊन पाहिलं. ट्रकांच्या मागे तीन ड्रायव्हर आरसे टांगून दाढी करत होते. परत आले, चहा तसाच ठेवला आणि बसमध्ये जाऊन बसले.

बसमध्ये माझ्या शेजारी धाकूबाई नावाची एक म्हातारी बसली. हाडं काटक, जीभ त्याहून काटक. तिच्या पलीकडे खिडकीशी तिची सून यमुना. वय असेल एकोणीस-वीस. गाल बसलेले, ओठांना चिरा पडलेल्या. समोरून ट्रक आला की ही मुलगी बसल्या जागेवरून ताडकन उठून उभी राहायची. ट्रक गेला की खाली बसायची. तीनदा झालं तेव्हा कंडक्टर खेकसला, "ओ बाई, उतरायचंय का बसायचंय?"

"तिला बाहेरचं लागलंय," धाकूबाई त्याला म्हणाली. कंडक्टर लगेच नरमला आणि पुढं सरकला. बाईच्या प्रकृतीपेक्षा भुताला मान जास्त, हे मी तिथंच शिकले.

मग मला सगळी हकिगत कळली. यमुना पडघ्याजवळच्या गावात नांदते. नवरा काशिनाथ भिवंडीत लूमवर कामाला, सुट्टीला घरी येतो. ही जेवत नाही, पाणी पीत नाही, झोपेतूनसुद्धा दचकून उठते आणि भिंतीशी उभी राहते. गावच्या भगतानं (मांत्रिकानं) अकलोलीच्या कुंडात आंघोळ घालायला सांगितली होती.

"पोरगा म्हणतो, या खेपेला बरी न्हाय झाली तर माहेरी नेऊन टाकतो," धाकूबाई म्हणाली. "दुसरी करील तो. मना ठावं हाय ना माझा पोरगा."

हे ती सुनेच्या देखत बोलत होती. सून खिडकीबाहेर बघत होती.

अकलोलीची कुंडं छान आहेत, हे कबूल करते. उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण पाणी अंगात मुरतं. पहिल्या पाच मिनिटांत बुडवून काढलेल्या लाल टोमॅटोसारखे पाय झाले आणि गुडघे खरंच थोडे सैलावले. यमुनेला धाकूबाईनं सात बुड्या मारायला लावल्या. बाहेर आल्यावर मी तिच्यापुढं तांब्या धरला. तिनं पाण्याकडे इतक्या आशेनं पाहिलं, की मला वाटलं घटाघटा पिईल. तिनं नुसते ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला.

"कवापासून धरलंय हिला?" पलीकडच्या एका बाईनं विचारलं.

"गेल्या साली लगीन झालं. दिवाळी झाली नि धरलं. पाऊस पडला तशी बरी झाली. आता पुन्हा दिवाळी झाली नि पुन्हा धरलं."

भूत असूनही वेळापत्रक पाळतं, याचं मला कौतुक वाटलं. संध्याकाळी धाकूबाई म्हणाली, "बाय, धर्मशाळेत काय पडतेस? आमच्या घरला चल. वालाचं बिरडं घालीन." मला बिरड्याचा मोह पडला आणि भुताचंही कुतूहल होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पडघ्याला उतरलो आणि हमरस्त्यापासून मैलभर चालत गेलो.

गाव दुरून डोंगरासारखंच साजरं होतं. कौलारू घरं, अंगणात भाताच्या उडव्या. तांदळाची भाकरी, बिरडं आणि सुकट (वाळवलेली कोळंबी) असं जेवण झालं. दुपारी मला जी गरज पडायची ती पडली. धाकूबाईनं पदराआड हसून सांगितलं, "दिवस बुडेस्तवर कळ काढायची."

पण येताना चावडीसमोर मी पंचायतीचा संडास पाहिला होता. निळा रंग, पत्र्याचं दार आणि त्यावर हातभर अक्षरांत 'महिलांसाठी'. मी तिकडे गेले. संडासाचं दार बरोबर चावडीच्या ओट्याकडे उघडत होतं आणि ओट्यावर दहा-बारा पुरुष पाय हलवत बसले होते. किल्ली एका मेंबराकडे होती.

"इथं का हो बांधला?" मी विचारलं.

"साहेबांची जीप इथवरच येते ना. आत गल्लीत बांधला तर पाहणी कशी करतील?"

मग तो ओट्याकडे वळला आणि भर दुपारी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे, पावण्या बाईंना जायचंय! जरा स्पीकर बाहेर काढा!"

आत भांड्यावर पंचायतीच्या लाऊडस्पीकरचा कर्णा ठेवलेला होता. गावात कुलूप असलेली खोली तेवढीच, म्हणून. बारा जोडी डोळे माझ्यावर. मी भूगोलाची शिक्षिका, इन्स्पेक्टरला न घाबरणारी. त्या क्षणी मी म्हणाले, "नको नको, मला फक्त बघायचा होता," आणि परत आले. या अक्कलवंतांनी बायकांसाठी जी एक गोष्ट बांधली तिच्यावर त्यांचाच पहारा होता, आणि बायका वापरत नाहीत म्हणून तक्रारही त्यांचीच होती. "आमच्या बायका अडाणी," मेंबर मला पाठीमागून सांगत होता.

संध्याकाळी मी बायकांबरोबर निघाले. हातात डबे घेऊन आम्ही आठ-नऊ जणी माळाकडे गेलो. माळ म्हणजे न्हाव्यानं भादरलेलं डोकं. नुकतंच गवत कापून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवलं होतं. पलीकडे हमरस्ता, वळणावर ट्रक. ट्रकचा दिवा माळावर फिरला की सगळ्या बायका एकदम उठून उभ्या. दिवा गेला की बसायच्या. पुन्हा दिवा, पुन्हा उभ्या. काही ड्रायव्हर मुद्दाम वेग कमी करत आणि हॉर्न वाजवत. बायका माझ्या वर्गातल्या मुलींसारख्या रांगेत उठत-बसत होत्या, फक्त इथं शिक्षा कशाची हे कुणाला माहीत नव्हतं.

सहाव्यांदा उभी राहिले तेव्हा मला कळलं. बसमध्ये ताडकन उठणारी यमुना माझ्या डोळ्यांसमोर आली. मी शेजारी पाहिलं, तर ती तोंडात पदर कोंबून थरथरत होती.

"पावसात गवत कमरेवर येतं," परतताना ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "तवा काय न्हाय वाटत. गवत कापलं का मना सकाळपासनंच ही सांज दिसाया लागते. भाकरी बघितली तरी वाटतं, ही खाल्ली तर तिकडं जावं लागंल. ट्रकचा आवाज आला का पाय आपोआप उभे ऱ्हातात बाय. घरात असले तरी. झोपेत बी. मना वाटतं मी खरंच येडी झाले."

"माहेरी कसं होतं?"

"माहेर डोंगरात हाय. झाडी हाय."

मी न जाताच परत आले होते. त्या रात्री मी पाणी प्याले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूबाईनं चहा पुढं केला तेव्हा तिच्यावर विनाकारण चिडले, आणि दुपारी तर कुणी हसलं की माझ्याचबद्दल असं वाटायला लागलं. दोन दिवसांत माझी ही अवस्था. ती मुलगी हे दुसऱ्या वर्षी सोसत होती आणि तिच्या अंगावरून कोंबड्या ओवाळल्या जात होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला इतका राग आला होता, की कुणाला तरी चार गोष्टी शिकवल्याशिवाय राहवेना.

काशिनाथ सुट्टीला आला. तेल लावलेले केस, खिशाला पेन. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी त्याला ओटीवर बसवून वर्गात समजावतात तसं समजावलं. तुझ्या बायकोला भूतबीत काही नाही, तिला आडोसा नाही म्हणून ती घाबरते, परसात चार कूड (कारवीच्या काड्यांचे तट्टे) उभे कर की झालं. मागे धाकूबाई सुपात तांदूळ पाखडत होती. ती मला डोळ्यांनी दटावत होती, पण मी बोलायला लागले की थांबत नाही.

"म्हंजे भूत न्हाय?" काशिनाथनं विचारलं.

"मुळीच नाही."

"मंग नाटक हाय." तो उठला. "गावातल्या समद्या बायका जातात, ही काय महाराणी लागून गेली? ड्युटी करून मरतो मी, नि इथं नखरे! गाठोडं बांध गं. चारच्या गाडीनं माहेरी."

यमुना भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. धाकूबाई माझ्या कानाशी आली.

"येत्या अवसेला भगत पोराला सांगणार होता, परसात कूड घालून दे म्हणून," ती दातओठ खात पुटपुटली. "दोन कोंबडी देऊन पटवला होता त्याला. सुनेचं मना काय कळत न्हाय व्हय? मी बी त्याच माळावर म्हातारी झाले. तू आलीस नि भूतच पळवलंस, बाय!"

आत काशिनाथ पेटी ओढत होता. धाकूबाईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग सूप खाली टाकलं. तांदूळ ओटीभर झाले. तिनं अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि कमरेपासून घुमायला लागली. आवाज असा निघाला, की बाहेरच्या कोंबड्या पळाल्या. "वारं आलं! म्हातारीला वारं आलं!" (अंगात देवी आली) कुणीतरी ओरडलं आणि चावडीवरचा सगळा ओटा अंगणात जमा झाला.

असं वारं आलं की कुणीतरी पुढं होऊन विचारावं लागतं. विचारलं नाही तर देवी काही न सांगता निघून जाते. काशिनाथ थिजला होता. बाकीचे हात जोडून एकमेकांकडे बघत होते. केसांच्या फटीतून धाकूबाईचा एक डोळा माझ्यावर रोखलेला दिसला. ते काही देवीचं बघणं नव्हतं.

मी आयुष्यात कधी अंगातल्या देवीपुढं वाकले नाही. पण शाळेत विज्ञान मंडळ चालवणारी मी त्या ओटीवर गुडघे टेकून बसले आणि विचारलं, "आई, काय चुकलं लेकरांचं?"

"कोण धाडतो माझ्या झाडाला माहेरी?" (झाड म्हणजे जिला धरलंय ती, यमुना.)

"कुणी नाही धाडत, आई. तुला काय पाहिजे?"

"गवत कापलं, माझं झाड उघडं पाडलं! परसात कूड घाल. मानसाहून उंच. आत खड्डा कर. बाप्याची सावली पडली तर वंश ठेवनार न्हाय!"

मेंबरनं स्वतःच्या गालात मारून घेतली. काशिनाथ अनवाणी पळाला. दोन तासांत कारवी आली, बांबू आले, खड्डा झाला. ज्यांना लाऊडस्पीकर हलवणं जड जात होतं ते सगळे घामाघूम होऊन कूड विणत होते, आणि दार कोणत्या बाजूला ठेवायचं हे मेंबरनं हात जोडून देवीला विचारलं. देवीनं घराकडची बाजू दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनेनं एक भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि तांब्याभर पाणी प्याली. हमरस्त्यावर ट्रक वाजला तेव्हा तिचा हात थांबला, पण ती उठली नाही. धाकूबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "तुझं शहानपन खरं हाय बाय. पन ते बाप्यांना सांगायचं नसतं."

मी निघाले तेव्हा शेजारच्या तीन-चार बायका परसात उभ्या राहून त्या कुडाला हात लावून बघत होत्या. त्यातल्या एकीनं हळूच विचारलं, "आमच्यात कवा येल गं वारं?"

"एका गावात लई देव्या आल्या तर बाप्ये भ्यायचे न्हाईत," धाकूबाई म्हणाली. "थांबा जरा."

त्या डबे उचलून दिवस बुडेस्तवर थांबायला निघून गेल्या. माळावर गवत पुन्हा यायला आठ महिने होते. बसमध्ये मला रडू आलं आणि ते रागाचं होतं.

साताऱ्यात आल्यावर आमच्या महिला मंडळानं प्रवासाचे अनुभव सांगायला बोलावलं. मी सगळं सांगितलं. ऐकून अध्यक्षीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि विचारलं, "खेड्यात अजून अंधश्रद्धा फार आहे, नाही का हो?"

"फार कुठली," मी म्हणाले. "जेमतेम एका घरापुरती निघाली."