इटलीतली बाई मरत का नाही

इटलीतल्या लोकांनी जो ऑपेरा दीडशे वर्षं अडगळीत टाकला, त्याच्यावाचून डोंबिवलीत फक्त माझ्या नवऱ्याचं अडलं होतं. तिकडे कुणीतरी अलीकडेच तो उकरून काढून नवं रेकॉर्डिंग केलं. ह्यांनी ते फोनवर शोधलं आणि हॉलमधल्या मोठ्या स्पीकरला जोडलं. तेव्हापासून रोज दुपारी चहाआधी आमच्या घरात एक बाई किंचाळू लागली. पाव तास ऐकायचं, बंद करायचं, दुसऱ्या दिवशी पुढचं. एकदा ऐकलेलं पुन्हा लावायचं नाही, असा ह्यांचा नेम.

गोष्ट ह्यांनीच वाचून मला सांगितली. बाप एकाशी लग्न लावतोय, मन दुसऱ्यावर, म्हणून बाई विष पिते. इथवर ठीक आहे, आपल्या संगीत नाटकांतही शहाणी माणसं कमीच. पण सोमवारी विष प्यायलेली ही बया शनिवारी ठणठणीत गात होती. बाप आला, गायली. प्रियकर आला, गायली. सगळं गाव जमलं आणि तेही गायलं, पण वैद्याला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. जग हे विसरलं ते जगाचं शहाणपण, असं मी भांडी लावता लावता मोठ्याने सांगत असे. एमआयडीसीचा वास सुटला की खिडक्या लावाव्या लागतात. त्या दिवशी तर मी आणि ती एकाच घरात कोंडलेल्या.

बरं, घरात गाण्याचा दुष्काळ होता असंही नाही. कपाटभर कॅसेटी आहेत, वर सीडी. ह्यांचा कान म्हणजे कल्याण-डोंबिवलीत मोठं प्रस्थ! मैफलीत हे पहिल्या रांगेत बसायचे आणि ह्यांची मान हलली की मागच्या मेंढरांना कळायचं, आता 'वा' म्हणायला हरकत नाही.

गेल्या हिवाळ्यात कल्याणच्या मैफलीत एका हरकतीच्या जागेला हे "क्या बात है!" म्हणाले. मागच्यांनीही री ओढली. गायिकेने चमकून पाहिलं, कारण ती जागा तिने घेतलीच नव्हती. दरवेळी घेते, त्या दिवशी सोडून दिली होती. मेंढरांना पत्ताही लागला नाही. ह्यांनी मात्र माझं तोंड पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. वरचे बारीक स्वर आधी जातील, मग बाकीचे. यंत्राने बोलणं कळेल, गाण्याची खात्री नाही.

म्हणून तर मला राग येत होता. एक दिवस मी म्हटलंच, "अहो, कान आहेत तोवर आपलं काही ऐका. ही भवानी कशाला?"

"आपलं मला कान गेल्यावरही ऐकू येणार, अगं," हे म्हणाले. "कल्याणला तेच झालं ना? डोक्यात वाजलं आणि मला वाटलं कानांनी ऐकलं. ही बाई मला पाठ नाही. हिचं जेवढं ऐकू येतं, तेवढंच माझं शिल्लक आहे."

मी भांडी अर्धवट टाकून हॉलमध्ये आले. आमच्या घरात असं सहसा घडत नाही.

तेव्हापासून मीही शेजारी बसू लागले. मत बदललं नव्हतं, बसत होते एवढंच. काल शेवट आला. गाव गप्प झालं, वाद्यं थांबली. हे थोडा वेळ स्पीकरकडे बघत राहिले आणि मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"मेली एकदाची," म्हणाले. "चहा टाक."

ती मेली नव्हती. कुठेतरी खूप वर, केसाएवढ्या बारीक आवाजात, एकटीच गात होती. इतके दिवस मी जिच्या मरणाची वाट पाहिली, ती आता थांबू नये म्हणून माझा जीव कासावीस झाला. मी ह्यांना हात धरून खाली बसवलं.

"बसा," मी म्हटलं. "गातेय अजून."