पुडिंगचा काळा पडलेला डबा

"साल टाकू नका, मला द्या." लिंबू पिळणारं कुणीही दिसलं की आमच्या शेजारच्या काकू हात पुढे करायच्या.

नोकरी लागल्यावर मी पनवेलला त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायला आलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी; पण पुडिंग हा पदार्थ पहिल्यांदा खाल्ला तो काकूंच्या हातचा. अल्युमिनियमचा डबा त्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवत, ट्रे ओव्हनमध्ये सरकवत आणि पाण्यात लिंबाची पिळलेली साल सोडत. आमच्या इमारतीला बोअरचं जड पाणी. सालीशिवाय भांडं काळं पडायचंच.

जिन्यालगतच्या खिडकीत या सालींची रांग असायची. वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या बाईंना तो करणीचा प्रकार वाटला. त्या भिंतीला चिकटून जिना चढायच्या. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी बाईंना पुडिंग पाठवलं आणि सोबत निरोप: "माणसाला दृष्ट लागते, तसं डब्याला पाणी लागतं. एवढंच." तुमच्याही इमारतीत अशी एखादी काकू असेल. तिच्याकडे एक काळवंडलेलं भांडं शोधून दाखवा.

त्यांच्या लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं. ती कळंबोलीत राहायची. काकांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली होती आणि काकूंनाही तिकडे जायचं नाही म्हणून बजावलं होतं. माझं ऑफिस कळंबोलीच्या लोखंड बाजारात, त्यामुळे पुडिंगचा डबा माझ्याबरोबर जायचा. लेक दारातच पुडिंग काढून घ्यायची आणि डबा धुऊन लगेच परत द्यायची. निरोप काही नाही.

"काही म्हणाली?" काकू विचारायच्या. मी नाही म्हटलं की डबा पुसून फळीवर ठेवायच्या.

एकदा मात्र तिनं डबा ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात तो परत देताना म्हणाली, "आईला सांगा, कितीही घासला तरी निघेना." डबा बाहेरून पाण्याच्या रेषेपर्यंत काळा पडला होता.

मला वाटलं, आता काकू चिडणार. त्यांनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला. "स्वतः करून बघितलंय तिनं," म्हणाल्या.

रविवारी सकाळी काका पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर चपला घालून काकू बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढ. कळंबोलीला सोड मला."

लेकीनं दार उघडलं.

काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं येतं गं?"

"टँकरचं."

"तरीच," म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या.

दुपारी त्यांना आणायला गेलो, तर मायलेकी जेवायला बसल्या होत्या. काकू निघायचं नाव काढेनात. मी एकटाच परतलो.

काका जिन्यात उभे होते. "जेवली का?" त्यांनी विचारलं.

कुणाबद्दल विचारतायत ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "दोघी जेवतायत."