मलमाला फेस कावून आला?

कित्येक वर्षं मी हे सांगायचं टाळलं. आजही टाळलं असतं. पण आपांना मूठमाती देऊन आम्ही कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आलो, तेव्हा शेजारी चपला शोधणारा एक जण म्हणाला, "बाई सोन्यासारखी व्हती. त्या एका मलमाचं तेवढं चुकलं बघा तिचं." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडलं नाही. घरी येईपर्यंत नुसता संताप होत होता. त्या माणसाचा नव्हे, माझाच. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलत होता. मलम आपांचं चुकलं नव्हतं, आणि हे माहीत असलेले आता मी आणि भाऊसाहेब, आम्ही दोघंच उरलो आहोत.

आपांच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला कायम एखादा लाल चट्टा असायचा. बीडबाहेर आमचा छोटा कारखाना होता. भांडवल आणि राजकारण भाऊसाहेबांचं, देखरेख माझी, आणि केमिस्ट आपा. शाम्पूच्या पुड्या आणि हातापायांच्या भेगांवरचं मलम, एवढाच आमचा माल. मलमाची प्रत्येक नवी बॅच आपा आधी स्वतःच्या कोपरावर लावून पट्टी बांधायच्या. दोन दिवसांत आग झाली नाही, तरच डब्या भरायच्या.

"आपा, तपासायला ससे बिसे मिळत न्हाईत का?" मी चिडवायचो.

"सशाला ऊस तोडायला जायचं हाय का, अण्णा?" त्या म्हणायच्या आणि पट्टी घट्ट करायच्या.

तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाला पुस्तकात सर्फॅक्टंट म्हणतात. आपा त्याला 'मधला' म्हणायच्या. "एक हात तेलाच्या खांद्यावर, एक पाण्याच्या. मधला चांगला पायजे, न्हाई तर दोघंबी आपल्या वाटंनं जात्यात." मलमासाठी त्यांचा भरवसा ग्लिसरिल मोनोस्टिअरेटवर. चरबीतलं आम्ल आणि ग्लिसरीन यांच्यापासून तयार होणारा हा मेणासारखा पांढरा एस्टर. सोबतीला त्याच जातीचा आणखी एक. दोन्ही मऊ, दोन्ही फेस न करणारे. शाम्पूत पडणारी फेसाची पावडर, सोडियम लॉरिल सल्फेट, त्यांच्या टेबलापासून लांब ठेवलेली असायची. "चिमूटभर असलं तर चालतंय. जास्त झालं की ह्यो मुकादम हाय. जुळवून देतो दोघांना, पण कातडं सोलून घेतो." उचल देऊन मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला नेणारा मुकादम म्हणजे काय हे आमच्या कामगारांना समजावून सांगावं लागत नव्हतं. निम्म्यांची घरं दर हंगामाला ऊसतोडीला जायची.

आपांना राग पटकन यायचा. मिक्सर वेळेआधी थांबवला, मेण नीट तापलं नाही, कुणी मळक्या हातानं डबी धरली, की त्या कडाडायच्या, "हे तुमच्या घरच्या बाईच्या पायाला लावायचं हाय, बे!" बाईमाणसाच्या तोंडी 'बे' ऐकून नवी पोरं हसायची. दुसऱ्यांदा कुणी हसत नसे.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर भाऊसाहेबांनी शिरूर कासारला मेळावा ठेवला. ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांना मलमाच्या डब्या फुकट वाटायच्या, झाकणावर भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो. झाकणं छापून आली. एस्टर आलाच नाही. गाडी कुठं तरी अडकली होती. आहे त्या सामानावर केलेलं मलम उभ्या उभ्या फुटलं, तेल वर, पाणी खाली.

"थांबा," आपा म्हणाल्या.

"आपा, टोळ्या थांबत्यात का?" भाऊसाहेब म्हणाले.

"मग झाकणंच वाटा. फोटो तर हाय त्यावर."

भाऊसाहेब हसले. आपा भाचीच्या लग्नाला आष्टीला गेल्या. जाताना मला बजावून गेल्या, "अण्णा, शाम्पूची पावडर त्यात पडू देऊ नका. म्या आल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अण्णा, आता तुमीच बघा काय ते." एवढंच. पावडर टाका असं ते कधीच म्हणाले नाहीत. ती हुशारी त्यांची. ती पावडर मिक्सरमध्ये ओतणारे हात माझे. मलम झकास जमलं. पांढरंशुभ्र, चकाकणारं. मला तर अभिमान वाटला, याची आज किळस येते. कुणाच्याही कोपराला न लावता डब्या भरल्या. माझ्याही कोपराला आतली बाजू होती. माझ्या ते मनातसुद्धा आलं नाही.

हंगाम अर्धाही झाला नव्हता, तेव्हा शिरूरची कौसाबाई फडावरून परत आली ती थेट कारखान्यात. तिनं अंगणात उभं राहून दोन्ही तळवे उघडले. उसाच्या धारदार पाचटानं चिरलेल्या हातांवर ते मलम रोज चोळलं होतं. साल निघून मांस दिसत होतं.

"कोयता धरता येईना," ती म्हणाली. "टोळीतल्या समद्या बायांचं असंच झालंय. कुणी केलंय हे?"

भाऊसाहेब लगेच पुढे झाले. "मलमाचं सगळं आमच्या केमिस्ट बाईकडं असतं."

आपा अंगणात उतरल्या. कौसाबाईच्या पिशवीतली डबी घेतली, बोटभर मलम पाण्याच्या बाटलीत टाकलं आणि सगळ्यांसमोर बाटली हलवली. फेस पार बुचापर्यंत चढला. आपांनी बाटली माझ्यासमोर धरली.

"अण्णा, मलमाला फेस कावून आला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही, आपा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाटली खाली ठेवली, कौसाबाईचे हात स्वच्छ पाण्यानं धुतले, त्यांवर साधं व्हॅसलीन लावलं, स्वतःची ओढणी फाडून पट्टी बांधली, आणि निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढचं काम गावानं केलं. त्यांच्या कोपरावरचे चट्टे आठवून लोक म्हणू लागले, तिच्याच अंगाला रोग, तिचं मलम कसलं चांगलं. जे चट्टे दुसऱ्यांची कातडी वाचवायला त्यांनी सोसले, तेच त्यांच्या विरोधात पुरावा झाले. आणखीही बोललं गेलं. नाव मुसलमानी होतं ना, मग मुद्दाम हे कालवलं आणि मुद्दाम ते कालवलं. आमच्याकडे असं बोलणं फार स्वस्त आहे. मी पारावर बसून ते ऐकलं. भाऊसाहेबांचा फोटो पुढच्या निवडणुकीत आणखी मोठा झाला. आपांना जिल्ह्यातल्या एकाही औषधवाल्यानं दारात उभं केलं नाही. पोरांच्या शिकवण्या घेत त्यांनी आयुष्य काढलं.

मागच्या थंडीत त्या आजारी असल्याचं कळलं आणि मी गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत गेलो. त्यांनी चहा दिला. माझी फाटलेली बोटं बघून आतून एक छोटी डबी आणली. "घरीच केलंय. दोन दिवस लावून बघा, आग झाली तर सांगा." कोपराच्या आत अजून एक लाल चट्टा होता. आम्ही तब्येतीबद्दल बोललो, नळाच्या पाण्याबद्दल बोललो. मी उठलो. त्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्या.

"अण्णा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तवा मलमाला फेस कावून आला व्हता?"

त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं, फक्त एकदा, त्या दारात, दुसरं कुणी ऐकायला नसताना.

मी म्हणालो, "येतो आपा. बस निघून जाईल."

पावडर मी टाकली, आपा. तुम्ही नको म्हणाला होतात. मला माफ करा.