उन्हाळी नव्हती ती

भट्टीवर काम करणाऱ्याला लघवीला जळजळ झाली, की त्याला उन्हाळी लागली, असंच आम्ही धरतो. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडासमोर उभं राहिलं की अंगातलं पाणी आटतं. मग आणखी काय होणार? झोपेतून पुन्हा पुन्हा उठावं लागायचं, तरी मी उन्हाळीच म्हणत होतो. बायको धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची, ते बाटलीत भरून न्यायचो. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, थंडी आली. थंडीत कुठली उन्हाळी, हे काही मनात आलं नाही. तिच्याही नाही.

मग कंबर धरली. माझ्या जोडीला काम करणारा इथलाच एक जण. त्यानं एक दिवस माझ्या हातातली सळई काढून घेतली.

"बस हो गया भैया. चलो डॉक्टर के पास."

"हव," म्हणालो आणि त्याच्या मोटारसायकलवर बसलो. त्याचे उपकार मी कुठे फेडू?

समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सुईनं आतला तुकडा काढला, हाडांचे फोटो काढले. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. प्रोस्टेट हा शब्दच तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, पूर्ण बरा होणार नाही, पण बरीच वर्षं थोपवता येईल. हा रोग पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसतो. तो रस बंद करायचा. त्याला दोन रस्ते. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, जन्मभर, एकदाही न चुकवता. नाहीतर छोटं ऑपरेशन करून दोन्ही अंडं काढून टाकायची, एकदाच. गुण दोन्हीचा सारखा. नवरा-बायकोचं मात्र दोन्हीत संपल्यासारखंच.

"जल्दी नहीं है. भाभी को साथ लाइए," ते म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी गावात गुरं राखली. गोऱ्हा खच्ची करून त्याचा बैल करताना दावं धरलेलं आहे. गोऱ्हा डोळे पांढरे करायचा, पुढे काही दिवस चाऱ्याला तोंड लावायचा नाही. मग मुकाट जुवाखाली यायचा आणि लोक म्हणायचे, आता गुणाचा झाला. घरी येताना बसमध्ये मला तेच दिसत राहिलं.

इंजेक्शन घेतलं तर शरीर जसंच्या तसं राहणार होतं. पण मग मरेपर्यंत रायपूर. आमचं गाव वर्ध्याकडे, फाट्यापासूनही आत. तिथून दर वेळी मोठ्या दवाखान्यात कोण नेणार? आणि आम्हाला तर आता घरीच जायचं होतं. भावाच्या घराला लागून आमची एक खोली बांधून ठेवलेली होती.

भावाला फोन लावला.

"कायचं ऑपरेशन?" त्यानं विचारलं.

"लघवीचं."

"मंग करून टाक न! काहून भेऊन राहिला? अन् इकडेच ये आता. तुई खोली तशीच पडून हाये."

पुढचं सांगायला जीभ उचलली नाही. सख्खा भाऊ असून.

बायकोला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिला हिंदी कमीच समजते. ते बोलायचे, मी मराठीत सांगायचो, अर्धंच. शेवटी त्यांनी तिच्यासाठीही चित्र काढलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं.

"मंजे गोऱ्ह्यावानी?"

"हव."

तिनं चित्राचा कागद उलटा ठेवला. मग डॉक्टरांसमोरच मला म्हणाली, "तुमाले का आता दुसरी बायको कराची हाये?"

त्यांना मराठी समजत असावी. त्यांनी हसू लपवत तोंड खिडकीकडे फिरवलं. मीही हसलो.

"काढून टाका म्हना," ती म्हणाली. "मले घरी जाचं हाये. तुमच्यासंगं."

परतताना ऑटोत तिनं माझं कोपर धरून ठेवलं. चारचौघांत ती असं कधी करत नाही. पदर डोळ्यांना लावून रडत होती.

ऑपरेशन नीट झालं. चालायला लागलो, कंबरही थोडी हलकी झाली. आता जायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायकोनं भांडी पोत्यात भरायला घेतली आणि तेवढ्यात भावाचा फोन आला.

"कदी येता बे? तुई वयनी तं खोली सारवून बसली."

गावात आम्ही भाऊ, चुलतभाऊ विहिरीवर सोबतच आंघोळ करतो. एकमेकांच्या पाठी घासून देतो, पोट्टे होतो तेव्हापासून. अंगाला चिकटलेल्या ओल्या चड्डीवर, हसत-खिदळत. त्या विहिरीवर मी उभा आहे, असं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. नाही आलं.

"येतो. थोडं थांब," म्हणालो.

बायकोनं ऐकलं. पोत्याची सुतळी सोडली, आतून कुकर काढला आणि भाताला तांदूळ धुवायला बसली.