तिन्ही टाक्या काठोकाठ

मी आयुष्यात एकच विमान पाडलं, आणि तेही सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

विमान कॉम्प्युटरमधलं होतं. माझ्या मिरजेच्या भावानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आमच्याकडं कवठे महांकाळला पाठवला. त्यात विमान चालवायचा खेळ होता. आमची संगीता बारावी होऊन पुण्याच्या कॉलेजसाठी हटून बसलेली. हे फौजेत, लांब. घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा.

आबा म्हणाले, "त्या डबड्यात ईमान उडवतीस म्हनं? दाव मला. मुंबईस्नं गोव्याला नीट उतरीवलंस तर जा पुन्याला. न्हाई तर लगीन!"

संगीतानं सकाळपासून वहीत तेलाचा हिशोब मांडला. वाटेला इतकं, गोव्यात उतरता आलं नाही तर दुसरीकडं जायला इतकं, वर घिरट्या घालायला थोडं.

"एवढंसंच?" मी विचारलं.

"जास्त घालायचं न्हाई, आई. तेलाचं बी वजन असतंय."

"कसलं तेल घालत्यात गं?"

"रॉकेलच समज."

आणि ती आबांना बोलवायला पारावर गेली.

रॉकेल! रेशनच्या दुकानात डबा धरून दोन-दोन तास उभी राहणारी बाई मी. इथं बटण दाबलं की टाकी भरत होती. रांग नाही, कार्ड नाही! त्यात मधली टाकी तर पोरीनं कोरडी ठेवलेली. परगावी निघाली आणि डबा रिकामा? मी बटण दाबून धरलं. डावी भरली, उजवी भरली, मधलीही भरली. (सांडत नाही, हे मला फार आवडलं.)

आबा आले, खुर्चीत बसले. मी डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड. विमान पळायला लागलं ते पळतच राहिलं.

"आज लय जड का लागतंय?" संगीता पुटपुटली.

तेलाचं वजन! मला आत्ता आठवलं. पण आबांसमोर बोलणार कोण? एकोणीस वर्षांत मी त्यांच्यापुढं 'व्हय' आणि 'न्हाई' सोडून काही बोलले नव्हते. मी मोठ्यानं खोकले.

"सुनबाईला ठसका लागलाय," आबा म्हणाले. "पानी पी, पोरी."

मी पाणी प्याले. मग सांगायचंच, असं ठरवून चहा घेऊन गेले. कप ठेवला आणि परत आले. पुन्हा चहा केला, पुन्हा परत आले. तिसऱ्या चहाला आबा म्हणाले, "आगं, मला किती भरतीस?"

शेवटी गोवा आला. विमान खाली टेकलं, पण थांबेना. संगीता ब्रेक दाबतेय, मी दाराची कडी दाबतेय! धावपट्टी संपली, विमानाचं पळणं काही संपेना. धाडकन आवाज झाला आणि चित्र जागच्या जागी थिजलं.

"माझं गणित बरोबर हुतं, आबा!" संगीता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"गनित ऱ्हाऊ दे." आबा काठी घेऊन उठले. "यादी करायला सांगतो लग्नाची."

दार उघडून मी कशी बाहेर आले, मला आजही कळत नाही.

"आवं आबा, तेल मी घातलं!"

संगीतानं माझ्याकडं बघितलं. "किती, आई?"

"तिन्ही टाक्या. काठोकाठ."

आबा परत खाली बसले. त्यांनी वीस वर्षं मिलिटरीचा ट्रक चालवलेला.

"घाटात गाडी दरीत गेली तर लोड कुनी भरला, ते आदी बघायचं आसतंय," ते सावकाश म्हणाले. "डायवर बरी हाय. जाऊ दे तिला पुन्याला. हिला तेवढं ईमानापास्नं लांब ठिवा!"

संगीता निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर आबांनी तिची ट्रंक उचलायला हात घातला. ट्रंक हलेना. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "आदी टाक्या तपास."

तपासल्या. लाडू, चटणी, भडंग. तिन्ही काठोकाठ!